स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर गिटी

प्रश्न : छोट्या चमूचा कोड स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचा आहे, मेमरी कमी आहे. काय बसवावे?

उत्तर : अशा सर्व्हरला गिटी सोयीचे पडते. २०१६ मध्ये गॉग्ज या प्रकल्पातून वेगळे झालेले हे मुक्त सॉफ्टवेअर गो भाषेत लिहिलेले असून एकाच फाइलमध्ये मिळते. आधी सर्व्हरवर गिट बसवावे. मग ‘गिट’ नावाचा स्वतंत्र वापरकर्ता तयार करावा; गिटी रूटच्या अधिकाराने चालवू नये. उतरवलेल्या फाइलचा चेकसम ताडून पाहावा आणि सिस्टमडीमध्ये तिची सेवा नोंदवावी, म्हणजे सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर गिटी आपोआप चालू होते.

ब्राउझरमध्ये ३००० क्रमांकाच्या पोर्टवर मांडणीचे पान उघडते. छोट्या चमूला एसक्यूलाइट पुरते. व्याप मोठा असेल तर पोस्टग्रेस घ्यावे. पहिले नोंदलेले खाते आपसूक प्रशासकाचे होते, म्हणून ते लगेच उघडावे आणि बाहेरच्यांची नोंदणी बंद करावी. मांडणी संपताच सेटिंगच्या फाइलवरील लिहिण्याची परवानगी काढून घ्यावी. पुढे एनजिनएक्स ठेवून एचटीटीपीएस चालू करावे.

बॅकअपसाठी ‘डम्प’ ही आज्ञा आहे. तो परत भरण्याचे काम मात्र हातानेच करावे लागते. म्हणून चमूचा कोड चढवण्यापूर्वी ते एकदा करून पाहावे.