७.६२ हे नुसतं आडनाव

तू पाठवलेला फोटो मोठा करून दोनदा पाहिला. दस्त्याच्या गळ्याशी, पट्टीवर ‘७.६२ एमएम २ए१’ आणि खाली १९६७. टेक्सासच्या दुकानात तुला इशापूरच्या कारखान्यातली रायफल मिळावी, याचा मला फार आनंद झाला. उभी हयात आर्मरर म्हणून अशाच रायफली उघडल्या, पुसल्या, मोजल्या आहेत मी. आता तुझा प्रश्न: ‘मामा, हिच्यात बाजारातलं .३०८ विंचेस्टर चालेल का?’ एका शब्दात उत्तर देणारे तिकडे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नकोस.

आधी आकड्यांचा घोळ. ७.६२ हे नुसतं आडनाव आहे, घराणी वेगळी. ७.६२ बाय ३९ हे कलाश्निकोव्हचं, ५१ हे नाटोचं, ५४ हे रशियाचं जुनं, बुडाला कड असलेलं. म्हणून पुढचा आकडा वाचल्याशिवाय राउंड हातात घ्यायचा नाही. खोक्यावरचं लिखाण पुरेसं नाही, पितळी बुडावरचा शिक्काही बघायचा. आमच्याकडे तिथे केएफ म्हणजे खडकी, ओएफव्ही म्हणजे वरणगाव. खोका बदलला जातो, बूड बदलत नाही.

तुझ्या रायफलीचं काडतूस ५१ मिलिमीटरचं. .३०८ विंचेस्टर १९५२ साली शिकारी लोकांसाठी बाजारात आलं, नाटोनं आपलं ७.६२ बाय ५१ दोन वर्षांनी ठरवलं. दिसायला जुळी भावंडं. वाद दाबावरून सुरू होतो. कुणी तुला सांगेल, .३०८ चा दाब ६२ हजार पौंड आणि नाटोचा ५० हजार, म्हणजे तुझी रायफल फुटणार. आकडे खोटे नाहीत, पण मापं वेगळी आहेत. तो ५० हजाराचा आकडा तांब्याच्या ठोकळ्यावरचा. दट्ट्यानं तांबं किती चेपलं ते मोजायचं, ही जुनी रीत, आणि दाबाचा खरा शेंडा तिच्या हाती लागत नाही. ६२ हजार हा स्फटिकाच्या यंत्रावरचा आकडा. त्याच .३०८ ला तांब्यावर मोजलं तर ५२ हजारच भरतात. एकानं शेरात मोजलं, दुसऱ्यानं किलोत, आणि मग आकडे शेजारी ठेवून भांडत बसले. दाबाचा कुठलाही आकडा ऐकलास की आधी विचार, कशावर मोजला?

मग धोका नाही का? आहे, पण तो दुसरीकडे आहे. बोल्ट बंद केल्यावर काडतूस पुढे खांद्यावर टेकतं आणि मागे बोल्टशी थोडी फट राहते. बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतच्या मापाला आम्ही हेडस्पेस म्हणतो. .३०८ च्या चेंबरचं कमीत कमी माप १.६३० इंच, आणि १.६३८ चं गेज आत बसलं तर ती रायफल बाद. लष्करी ७.६२ ला मात्र १.६४५५ पर्यंत चालतं. लष्करी पुंगळीचं पितळ बुडाशी सहसा जाड असतं, म्हणून ती एवढी मोकळी जागा सोसते. बाजारी पुंगळी त्या लांब चेंबरमध्ये उडवलीस तर पुढची बाजू भिंतीला चिकटते, बूड मागे सरकतं, आणि मधलं पितळ ताणलं जातं. त्यात तुझी रायफल ली-एनफिल्डच्या घडणीची; बोल्टचे खटके मागे असल्यामुळे गोळी सुटताना ती थोडी जास्त लवते. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरनं जुन्या .३०३ च्या घडणीतून ही रायफल केली, तेव्हा पोलाद बदललं. खटके मात्र जागचे तिथेच.

तरुणपणी चांदमारीवर एक रायफल माझ्या हाती आली होती. साफसफाईत बोल्टांची अदलाबदल झालेली. जवानानं बोल्ट ओढला तर नुसतं बूड बाहेर आलं, कापल्यासारखं. दुसरा राउंड अर्ध्यात अडला आणि तो तळहातानं बोल्ट ठोकायला लागला. मी ओरडलो. आत पुंगळीचा पुढचा तुकडा रुतून बसला होता. त्याच्या डाव्या गालावर काजळी उडालेली, नशिबानं तेवढ्यावर भागलं. तेव्हापासून बोल्टच्या मुठीवरचा नंबर आणि अंगावरचा नंबर जुळल्याशिवाय मी कुठलीही ली-एनफिल्ड पुढे जाऊ दिली नाही. तुझ्या रायफलीचे दोन्ही नंबर आजच बघ. गेज मात्र तू लावू नकोस, जाणत्या गनस्मिथकडून लावून घे.

आणि काडतुसांची अदलाबदल दोन्ही बाजूंनी सारखी चालते असं समजू नकोस. .२२३ आणि ५.५६ ची गोष्ट नेमकी उलटी. ५.५६ च्या नळीत आटे सुरू होण्याआधीची मोकळी जागा जास्त असते, म्हणून त्यात .२२३ चालतं. ५.५६ मात्र .२२३ च्या आखूड घशात घातलं की गोळी आट्यांना लवकर भिडते आणि दाब चढतो. तिकडे मिळणारं .३०० ब्लॅकआउट याहून वाईट. त्याची पुंगळी त्याच कुळातली, मॅगझिन तेच. ते चुकून .२२३ च्या चेंबरमध्ये गेलं तर जाडी गोळी बारीक नळीत अडकते आणि रायफल हातात फुटते. दोन्ही एका टेबलावर कधीच ठेवू नकोस.

आजोळची आजोबांची शेतसंरक्षणाची बारा बोर आठवते ना? तिचं चेंबर ६५ मिलिमीटरचं. ७० चं काडतूस तिच्यात सहज जायचं, कारण ७० हे माप तोंड उघडल्यानंतरचं. आत बसल्यावर ते तोंड निमुळत्या भागात उघडणार आणि वाट अडणार. म्हणून आजोबा ७० च्या काडतुसांची पेटी हातातही घेत नसत.

तर सध्या लष्करी मापाचं, साध्या १४७ ग्रेनच्या गोळीचं ७.६२ वापर. जड गोळीची, जोरकस शिकारी काडतुसं हिच्यात नको. चष्मा लावल्याशिवाय नेम धरायचा नाही. पहिल्या पाच पुंगळ्या फेकू नकोस. बुडापासून अर्ध्या बोटावर चकचकीत कडं दिसतं का बघ. तार वाकवून आतून फिरव, टोक तिथे खोबणीत अडकलं तर थांब. प्रायमर बाहेर सरकलाय का तेही बघ. आणि मला फोटो पाठव, बुडाचाही आणि बाजूचाही, उन्हात धरून काढलेले.