भोपळ्याच्या फुलावरचे पाहुणे

गोंदिया जिल्हा धानाचा. धानाला कीटकांची गरज पडत नाही. बहुतेक परागण त्याच फुलातल्या परागकणांनी होते. पण बांधीजवळच्या परसबागेतल्या लाल भोपळ्याचे तसे नाही. त्याची नर व मादी फुले वेगळी असतात. परागकण जड आणि चिकट असल्यामुळे वाऱ्याने उडत नाहीत. कीटकांनी ते पोचवले तरच फळ धरते. मात्र फुलावर येणारा प्रत्येक कीटक हे काम करतो का?

जर्मन शिक्षक स्प्रेंगेल यांनी फुलांजवळ तासन्‌तास बसून केलेली निरीक्षणे १७९३ साली प्रसिद्ध केली. त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता. आपल्याला घरचा मोबाइल पुरेल.

कृती : भोपळ्याची फुले पहाटे उमलतात व दुपारपर्यंत मिटतात. म्हणून सकाळी लवकर जा. पाकळ्यांखाली इवलासा भोपळा दिसला, की ते मादी फूल. कीटकांमागे धावू नका. एका फुलाजवळ हातभर अंतरावर स्वस्थ बसा. आपली सावली फुलावर पडू देऊ नका. जवळून फोटो घेताना थोडाच भाग स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा कीटकाच्या अंगाला समांतर धरा आणि लागोपाठ अनेक फोटो घ्या. तारीख, वेळ, ठिकाण आणि फूल नर की मादी, हे वहीत लिहा.

निरीक्षण : आता फोटो मोठा करून पाहा. कीटकाच्या अंगावर पिवळे परागकण आहेत का? त्याचे अंग मादी फुलाच्या कुक्षीला लागते का? मधमाशीच्या केसाळ अंगाला परागकण चिकटलेले दिसतील. तांबडा भुंगेरा मात्र पाने व पाकळ्या कुरतडताना सापडेल. मधमाशीसारखी पट्टेरी, पण मोठ्या डोळ्यांची आणि अगदी आखूड मिशांची दिसली, तर ती माशी आहे. तिला नांगी नसते.

भुंगेऱ्यासाठी सकाळी फुलांवर औषध फवारले, तर मधमाश्याही मरतात. वेल वाचतो, पण फळ धरत नाही. तुमच्या फोटोंवरून मधमाश्यांची वेळ कळेल. ती घरी सांगा.

करून पाहा : मादी फुलाच्या दोन कळ्या निवडा. उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी एकीवर पातळ कापडाची पिशवी बांधा, दुसरी मोकळी ठेवा. फूल मिटल्यावर पिशवी काढा. आठवड्याने दोन्ही फळे पाहा. कोणते वाढले, कोणते पिवळे पडून गळले? का?