पावसाळ्यातला ओपिनेल

प्रश्न : मी मिटणारे चाकू जमवतो. मामेभावाने फ्रान्सहून जुना ओपिनेल आणला आहे. पाते काळपट पडले आहे. घासून चकचकीत करू का? तो किती जुना असेल? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कृपया घासू नका! पाते कार्बन पोलादाचे असेल, तर फळांतल्या आम्लाने येणारी करडी-निळसर झाक त्याचे गंजापासून थोडेफार रक्षणच करते. तांबूस, बोटाला लागणारा थर मात्र गंज; तो तेलाच्या फडक्याने हळुवार काढा.

जोसेफ ओपिनेल यांनी साव्हुआ प्रांतात १८९० मध्ये हा चाकू घडवला. पात्यावरची मुकुट आणि हाताची मुद्रा १९०९ पासूनची, तर पाते अडकवणारी फिरती कडी १९५५ ची. म्हणून सहा किंवा त्यापुढच्या आकार-क्रमांकाच्या चाकूला मुळातच कडी नसेल, तर तो बहुधा त्याआधीचा. लहान क्रमांकांना आजही कडी नसते.

कोकणातल्या दमट हवेत लाकडी मूठ फुगून पाते अडकते. ओढाताण करू नका. कडी मोकळी करून मुठीचे मागचे टोक टेबलावर हलकेच आपटा, पाते किंचित वर येईल. वापरानंतर पुसून औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा हात फिरवा. खोबरेल कालांतराने खवट होते. चामडी म्यानात ठेवू नका, चामडे ओल धरते.

इतर संग्राहकांना दाखवताना मुद्रा, कडी आणि सांधा यांचे जवळून फोटो काढा आणि चाकू कुणाकडून, कसा आला हेही लिहून ठेवा. ही नोंद चाकूइतकीच मोलाची आहे.