गरोदरपणी प्रोलॅक्टिन भरपूर, मग दूध का नाही?

प्रश्न : गरोदरपणात इस्ट्रोजेन खूप वाढते आणि इस्ट्रोजेनमुळे प्रोलॅक्टिन वाढते, असे वाचले. प्रोलॅक्टिन जर दूध तयार करणारे संप्रेरक असेल, तर बाळंत होईपर्यंत दूध का येत नाही? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : तुम्ही वाचलेले खरे आहे. एरवी बाईच्या रक्तात दर मिलिलिटरमागे साधारण २५ नॅनोग्रॅमच्या आत असणारे प्रोलॅक्टिन दिवस भरत येतात तेव्हा दोनशेच्या आसपास पोचते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतल्या ठरावीक पेशी ते बनवतात, आणि त्यांना त्या कामाला लावण्यात इस्ट्रोजेनचा मोठा वाटा असतो.

हे घडते कसे, ते पाहण्यासारखे आहे. इस्ट्रोजेन पेशीत शिरते आणि आपल्या ग्राहक प्रथिनाला चिकटते. मग ही जोडी थेट डीएनएवर जाऊन बसते. प्रोलॅक्टिनच्या जनुकाची नक्कल इस्ट्रॅडिओल या इस्ट्रोजेनमुळे वाढते, हे रिचर्ड मौरर यांनी १९८२ मध्ये उंदरांच्या पियूषिकेवर काम करून दाखवले. पुढे इस्ट्रोजेन आणि ग्राहकाची जोडी डीएनएवर जिथे बसते, ती जागाही सापडली. जनुकाची नक्कल जिथून सुरू होते, तिथून ती दीड हजारांहून अधिक अक्षरे मागे आहे. इतक्या लांबून परिणाम होतो, कारण मधला डीएनए वळसा घेतो आणि ती जागा जनुकाच्या तोंडाशी येते. माणसाच्या जनुकात हा प्रतिसाद उंदरांपेक्षा सौम्य आहे.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती वेगळीच. इस्ट्रोजेनचे ग्राहक गर्भाशयात आहेत, स्तनांत आहेत, हाडांतही आहेत. तरी हाडात काही प्रोलॅक्टिन तयार होत नाही. कारण पियूषिकेतल्या या जनुकाला पिट-१ नावाचे आणखी एक प्रथिन लागते, आणि ते पियूषिकेच्याच काही पेशींत असते. दोघे शेजारीशेजारी बसले की जनुक जोमाने चालते. एकट्या इस्ट्रोजेनला ते जमत नाही.

शिवाय इस्ट्रोजेनमुळे या पेशींची संख्या वाढते, आणि मेंदूतून येणाऱ्या डोपामिनचा त्यांच्यावरचा लगामही सैल पडतो. म्हणूनच गरोदरपणी पियूषिका चांगलीच फुगते.

आता तुमचा मूळ प्रश्न. अडवणूक स्तनात होते. वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन, आणि त्याच्या जोडीला तेच इस्ट्रोजेन, स्तनातल्या ग्रंथी वाढवतात, पण प्रोलॅक्टिनला तिथे भरपूर दूध तयार करू देत नाहीत. थोडा चीक तेवढा तयार होतो. वार पडली की ही दोन्ही संप्रेरके झपाट्याने उतरतात, अडसर निघतो आणि दोन-तीन दिवसांत दूध उतरते. त्यानंतर इस्ट्रोजेन कमी असले तरी चालते. बाळ ओढू लागले की स्तनाग्रातल्या चेतांमार्फत मेंदूला निरोप जातो, डोपामिन घटते आणि नऊ महिन्यांत वाढलेल्या त्या पेशी प्रोलॅक्टिन सोडतात. दूध टिकवायचे तर बाळाला वारंवार पाजणे हाच खरा उपाय, तो याचमुळे.

अंगावर पाजणाऱ्या आईला इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पहिले सहा आठवडे देत नाहीत आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो टाळतात. दूध कमी होण्याची भीती हे त्यामागचे एक कारण आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. फुगलेल्या पियूषिकेला रक्तही जास्त लागते. बाळंतपणात फार रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला, तर ग्रंथीचा भाग मरू शकतो. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्याची पहिली खूण बहुधा हीच : दूध येतच नाही. पुढे पाळी परतत नाही, थकवा जात नाही. अशा वेळी घरचे बाईच्या खाण्यापिण्याला दोष देतात, डिंकाचे लाडू आणि अळीव वाढवतात आणि वर्षे निघून जातात. रक्तस्राव फार झाला होता आणि दूध उतरलेच नाही, असे तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणाचे झाले असेल, तर तिला बोल लावू नका. प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल तपासून घेण्यासाठी तिला संप्रेरकतज्ज्ञांकडे घेऊन जा.