मांडीवरचा संगणक

जुलै महिना होता. चंदगडला चार दिवस पावसाची झड लागली होती. बाहेर पाय ठेवण्याची सोय नव्हती. आपा कोल्हापूरच्या कॉलेजातून सुटीला घरी आली होती. चुलीजवळच्या उबेत बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन ती तासन्‌तास काम करीत होती.

दादी तिच्याकडे पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवले नाही.

"बेटा, ते यंत्र मांडीवरून खाली ठेव. त्यातून किरणं निघतात म्हणे!"

आपा हसली, पण तिने दादींचे म्हणणे उडवून लावले नाही.

"दादी, तुमचं अर्धं बरोबर आहे. कोणतं अर्धं, ते आपण पाहू," असे म्हणून तिने मला होकायंत्र आणायला सांगितले.

मी होकायंत्र लॅपटॉपच्या कडेला नेले. सुई गर्रकन फिरली.

"पाहा, मी सांगत नव्हते!" दादी म्हणाल्या.

आपाने लॅपटॉप पूर्ण बंद केला. मी होकायंत्र पुन्हा तेथेच धरले. सुई पुन्हा फिरली! मी चकित झालो. बंद यंत्रातून किरणे कशी निघतील?

"स्पीकरमध्ये लहानसा लोहचुंबक असतो. तो सुईला ओढतो," आपा म्हणाली. "विजेमुळेही चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तारेतून वीज वाहिली की जवळची सुई हलते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० साली दाखवलं. पण आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. बिचारी सुई इतक्या वेगानं कशी हलणार? ती जागेवरच राहते."

मग तिने अब्बांचा जुना रेडिओ घेतला. मध्यम लहरींवर, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा लावला. चार्जरजवळ नेताच रेडिओ खरखरू लागला. हातभर दूर नेला, तर खरखर अगदी कमी झाली.

"म्हणजे काहीतरी निघतंच की," मी म्हणालो.

"निघतं. पण अंतर वाढलं की झपाट्यानं कमी होतं." आपाने वहीत आकडे लिहून दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे संगणकापासून ३ सेंटिमीटरवर हे क्षेत्र ०.५ ते ३० मायक्रोटेस्ला असते. ३० सेंटिमीटरवर ते ०.०१ पेक्षाही कमी होते. अशा विजेसाठी लोकांच्या सुरक्षिततेची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०१० पासून २०० मायक्रोटेस्ला आहे.

आपाने आणखी एक हकिकत सांगितली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेत असत. पुढे शहरात विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या विजेमुळे या नोंदी बिघडणार होत्या. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारली. तिच्या इमारतीसाठी पोरबंदरचा, चुंबकत्व नसलेला दगड आणला. १९०७ साली ट्राम सुरू झाली. वेधशाळेच्या नाजूक उपकरणांना जे जाणवले असते, ते ट्राममध्ये बसलेल्या माणसांना जाणवलेसुद्धा नाही!

"आणि वाय-फाय?" मी विचारले.

"त्या रेडिओलहरीच. क्ष-किरणांसारखी अणूंतून इलेक्ट्रॉन उखडण्याची ताकद त्यांच्यात नसते. तरीही २०११ साली कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवलं. मुख्य पुरावा कानाला लावायच्या मोबाइलबद्दलचा होता, तोही अपुरा. म्हणून अभ्यास चालू आहे. मी खोटी खात्री देणार नाही."

दादी एवढा वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मग माझं अर्धं कोणतं बरोबर?"

आपाने दादींचा हात धरून लॅपटॉपच्या खालच्या बाजूला लावला. दादींनी झटकन हात मागे घेतला. "या अल्ला! हा तर तव्यासारखा तापलाय!"

"हेच ते अर्धं," आपा म्हणाली. स्वित्झर्लंडमधील बासेलच्या डॉक्टरांनी २०१० साली एका १२ वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली होती. तो काही महिने रोज काही तास लॅपटॉप मांडीवर घेऊन खेळत असे. त्याच्या डाव्या मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटले. त्या बाजूला यंत्र अधिक तापत होते. भाजण्याइतकी उष्णता नव्हती. यंत्र तापते हे त्याला कळले होते, तरी त्याने त्याची जागा बदलली नाही. काश्मीरमध्ये थंडीत अंगाजवळ कांगडी धरतात, त्यांच्या त्वचेवरही असेच डाग पडतात.

दादी विचारात पडल्या. "माझ्या अम्मीच्या नडगीवर होते तसे डाग," त्या हळूच म्हणाल्या. "पावसाळाभर ती चुलीपुढे बसायची. आम्हांला वाटायचं, वयामुळे असतील."

आपाने मांडी चोळली. ती लालसर झाली होती. तिने निमूटपणे पाट ओढला आणि लॅपटॉप त्यावर ठेवला.

"आणि चुलीपासूनही जरा लांब सरक," दादी म्हणाल्या.