छोटी, गप्प बसू नकोस

यवतमाळ

छोटी,

काल अक्काचा फोन आला होता. तू कॉलेज सोडून घरी यायचं म्हणतेस, हे सांगताना ती रडत होती. वर्गात तू ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणालीस, पोरं हसली आणि तेव्हापासून तू तोंडच उघडत नाहीस म्हणे. ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

एवढ्याशा ‘हॅव’पायी नागपूरचं कॉलेज सोडतेस? भाऊजींनी कापूस विकून तुझी फी भरली, ते विसरलीस?

चूक कुठे झाली ते नीट बघ. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे वही आहे’, ‘मला ताप आहे’ असं आपण म्हणतो. इथे कर्ता भाऊ, वही, ताप. इंग्रजीत कर्ता ‘आय’ होतो आणि तिन्हीकडे ‘हॅव’ चालतो: आय हॅव टू ब्रदर्स, आय हॅव अ नोटबुक, आय हॅव अ फीव्हर. नातं, मालकी, दुखणं सांगताना ‘हॅविंग’ म्हणायचं नाही. ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर आहे, कारण तिथे जेवण चालू आहे. ‘शी’ला ‘हॅज’, पण प्रश्नात ‘डझ’ आला की पुन्हा ‘हॅव’: डझ शी हॅव अ ब्रदर? घरच्या माणसांवर रोज थोडी वाक्यं लिही आणि मोठ्यानं म्हण.

हे आठवड्याभरात जमेल. मला धास्ती आहे ती तुझ्या गप्प बसण्याची. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं; पहिलीपासून आलं ते २००० साली. पुढे कॉलेजात विज्ञान सगळं इंग्रजीत. उत्तर येत असूनही मी मागच्या बाकावर खाली मान घालून बसायचो. शेवटी शिक्षण अर्धवट सोडलं. बाबांनी कारण विचारलं, तेही त्यांना सांगता आलं नाही. ते अजून सलतं. तुझ्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून एवढा जीव तुटतो.

आपल्या वणीत जन्मलेले बापूजी अणे दिल्लीच्या कायदेमंडळात इंग्रजीत बोलले आणि टिळकांवरचं महाकाव्य त्यांनी संस्कृतात लिहिलं. आपल्या मातीतल्या माणसाला परकी भाषा येते गं. त्यासाठी बोलत मात्र राहावं लागतं.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. तू आमची गुणाची पोर आहेस. मेसचं जेवण जात नसेल तर कळव, अक्काच्या हातची चटणी आणि पापड पाठवतो. पैशाचीही चिंता करू नकोस, मी आहे. पोळ्याला ये, चार दिवस निवांत राहा. त्याआधी वर्गात एक वाक्य बोल. चुकलं तरी बोल, आणि संध्याकाळी मला फोन कर. मी वाट बघतोय.

तुझा,
मामा