परदेशी निघालात? औषधांबरोबर विमाही तपासा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील कितीतरी घरांतील मुले आज अमेरिकेत, इंग्लंडात किंवा आखातात आहेत. सुनेचे किंवा लेकीचे बाळंतपण असले, की साठी-पासष्टीचे आईवडील चार-सहा महिन्यांसाठी तिकडे जातात. निघण्यापूर्वी ते दवाखान्यात येतात, ते सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून घ्यायला. विम्याचे विचारले, तर "मुलाने काढलाय" एवढेच उत्तर मिळते. त्या विम्यात काय आहे आणि काय नाही, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. आज त्याविषयी थोडेसे.

येथील विमा तेथे चालतो का?

बहुधा नाही. आपल्याकडे सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम सुरू केला. त्याच धर्तीच्या नेहमीच्या पॉलिसीत फक्त भारतातील उपचारांचा खर्च मिळतो. काही महागड्या पॉलिसींत परदेशातील उपचारांची सोय असते. पण तीही ठरावीक आजारांपुरती किंवा अटी घालून. कल्याणच्या रेल्वे हॉस्पिटलात चालणारे निवृत्तांचे कार्ड किंवा सत्तरीपुढच्यांसाठी २०२४ साली सुरू झालेले आयुष्मान कार्ड अमेरिकेतील हॉस्पिटलात दाखवून उपयोग नाही. परदेशी मुक्कामासाठी वेगळी पॉलिसी घ्यावीच लागते.

युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी सक्ती नाही. म्हणून कित्येक जण विम्याशिवाय जातात. खर्च सर्वांत जास्त होतो तो तिथेच.

"तिकडे सरकार बघते" हा गैरसमज

अमेरिकेत पासष्टीपुढच्यांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आहे, पण तो पाहुण्यांसाठी नाही. ग्रीन कार्ड असलेल्या, पण तेथे कधी नोकरी न केलेल्या वृद्धांनाही सहसा सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतरच तो हप्ता भरून घेता येतो. तेथील १९८६ च्या एका कायद्यानुसार अत्यवस्थ रुग्णाला पैशाअभावी हॉस्पिटलच्या दारातून परत पाठवता येत नाही, हे खरे. पण परत न पाठवणे म्हणजे फुकट उपचार नव्हे. बिल मागाहून घरी येतेच. इंग्लंडातही अपघात विभागातील तपासणी मोफत असते. परंतु आपल्याकडून गेलेला पाहुणा वॉर्डात दाखल झाला, की आकारणी सुरू होते.

गोळी चालू आहे म्हणजे आजार आहे

विम्याच्या कागदावरील सर्वांत महत्त्वाचे शब्द म्हणजे 'आधीपासून असलेला आजार'. माझे एक पेशंट, निवृत्त शिक्षक, वय ६६, मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते. त्यांना अकरा वर्षे रक्तदाबाची गोळी चालू होती. फॉर्म मुलाने भरला आणि आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिले. लबाडीचा हेतू नव्हता. बाबांचे बीपी नेहमी नॉर्मल असते, एवढेच त्याला माहीत होते. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या छातीत दुखले आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. "बीपी किती वर्षांपासून?" या तेथील डॉक्टरांच्या प्रश्नाला मास्तरांनी खरे उत्तर दिले. तेच केसपेपरवर आले आणि कंपनीने क्लेम नाकारला. जीव वाचला, पण मुलाला ते बिल पुढे कितीतरी महिने हप्त्यांनी फेडावे लागले.

गोळीमुळे बीपी नॉर्मल राहणे आणि बीपीचा आजार नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेह, थायरॉइड, दमा, पूर्वीची अँजिओप्लास्टी यांनाही हेच लागू. आजार सांगितला तर हप्ता वाढेल किंवा त्या आजाराचा खर्च वगळला जाईल. लपवला तर पूर्ण पॉलिसीच धोक्यात येते. आजार जाहीर केल्यावरही, तो अचानक बळावला तर खर्च मिळेल का आणि किती मर्यादेपर्यंत, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. डिडक्टिबल म्हणजे प्रथम आपल्या खिशातून भरायची रक्कम. दुसरे म्हणजे, स्वस्त पॉलिसींत खोलीचे भाडे, शस्त्रक्रिया, तपासण्या यांना ठरावीक मर्यादा असतात. त्यावरचे बिल आपले आपण भरायचे.

आखातात नोकरी करणाऱ्यांसाठी

दुबईत २०१३ च्या कायद्याने नोकराचा आरोग्य विमा काढणे मालकावर बंधनकारक आहे. बायकोमुलांचा विमा मात्र ज्याने त्यांना व्हिसावर नेले, त्याने काढायचा. नोकरी सुटली की मालकाने काढलेला विमाही जातो.

येथील पॉलिसी बंद पाडू नका

"सहा महिने इथे नाहीच, तर हप्ता कशाला?" हा हिशेब महागात पडतो. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा. पॉलिसीत खंड पडला, की ही वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकतात. वार्षिक हप्त्याला सवलतीचे तीस दिवस मिळतात. तेवढ्यात हप्ता परदेशातूनही भरता येतो.

निघण्यापूर्वी

१) फॉर्म मुलाने भरला तरी आपण स्वतः वाचावा. आपल्या डॉक्टरांकडून आजारांची यादी घेऊन तीच त्यात लिहावी.

२) चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव व मात्रा लिहून घ्यावी. आपल्याकडील कंपनीचे नाव तेथील केमिस्टला समजत नाही.

३) साखर, बीपी, ईसीजी तपासून घ्यावे. दातांचे काम उरकून जावे. दातांचा खर्च या पॉलिसींत क्वचितच मिळतो.

४) पॉलिसी क्रमांक आणि कंपनीचा मदतीचा फोन नंबर पाकिटात ठेवावा. दाखल होताच घरच्यांनी कंपनीला कळवावे.

५) मुक्काम वाढला तर मुदत संपण्याआधी विमा वाढवावा. गोळ्या कमी पडू लागल्या की काही जण त्या दिवसाआड घेतात. तसे अजिबात करू नये. तेथील डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घ्यावी.

फॉर्मवरील एखाद्या वैद्यकीय शब्दाचा अर्थ कळला नाही, तर सही करण्याआधी तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे.